वल्हांडण पाळला नाही तर तारण नाही?

ठाण्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज या महिन्यात चौथ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: ईस्टर म्हणजे बाबेलच्या इश्तार देवीचा सण, तो 325 साली निकेयाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने घुसवला, म्हणून खऱ्या विश्वासणाऱ्याने निसान या यहुदी महिन्याच्या 14 तारखेला वल्हांडण, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेचा यहुदी सण पाळावा, कोकरा खावा, नाहीतर तारण नाही. मंडळीतल्या दोन वयस्कर बहिणी हे वाचून घाबरल्या, आणि मला त्याचा राग आला.

इश्तारचं आधी उरकतो. हा सगळा मुद्दा एका इंग्रजी नावाच्या उच्चारावर उभा आहे. ग्रीक आणि लॅटिनमध्ये या सणाला 'पास्खा' म्हणतात, आणि हा शब्द हिब्रू 'पेसाह'चाच, म्हणजे वल्हांडणाचाच. 1737 पर्यंत ठाणे ज्यांच्या ताब्यात होतं त्या पोर्तुगिजांचा 'पाश्कोआ'ही त्यातलाच. इंग्रजी नाव जुन्या इंग्रजीतल्या एका महिन्याच्या नावावरून आलं, असं आठव्या शतकातल्या बीड या मठवासीयाने लिहून ठेवलंय. बाबेलचा तिथे काही संबंध नाही.

निकेयाने सण निर्माण केला हेही खरं नाही. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं मंडळ्या तो पाळत होत्या, आणि तारखेवरून भांडतही होत्या. आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मंडळ्या निसान 14 धरत, रोममध्ये रविवार. इसवी सन 155च्या सुमारास तिथल्याच स्मुर्णा शहराचे बिशप पॉलिकार्प रोमला गेले. रोमचे बिशप अनिसेतस यांच्याशी तारखेवर एकमत झालं नाही, तरी दोघांनी सहभागिता मोडली नाही. निकेयाने सर्वांसाठी एकच रविवार असावा एवढंच ठरवलं. त्या वेळी सम्राट कॉन्स्टंटाइनने पाठवलेल्या पत्रात यहुद्यांबद्दल फार कडवट शब्द आहेत. ते आपण लपवू नयेत.

आता तारणाचं. वल्हांडण या शब्दातच ओलांडणं आहे. मिसरातले प्रथमजन्मलेले मेले त्या रात्री इस्राएलांच्या दाराच्या चौकटीवरचं कोकऱ्याचं रक्त पाहून देव ते घर ओलांडून गेला; आत बसलेल्यांची तारीख, विधी, पुण्याई त्याने तपासली नाही. येशूने शेवटचं भोजन त्याच सणाच्या दिवसांत घेतलं. भाकर मोडून तो म्हणाला, "माझ्या स्मरणार्थ हे करा." योहान तर आपल्या शुभवर्तमानात येशूच्या मरणाच्या वेळी मुद्दाम बायबलच्या निर्गम या पुस्तकातला कोकऱ्याचा नियम आठवतो: त्याचं हाड मोडायचं नाही. आणि प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात सांगतो की आपला वल्हांडणाचा कोकरा ख्रिस्त आहे, त्याचं अर्पण झालंय. झालंय! मग मटण न खाल्ल्याने तारण कसं अडेल? सण आणि शब्बाथ यांवरून कोणी तुम्हाला दोषी ठरवू नये, हेही त्याने कलस्सैकरांना लिहिलं.

शिवाय नियमशास्त्र अक्षरशः धरायचं तर सुंता न झालेल्याने वल्हांडण खायचा नाही, असं निर्गमच्या 12व्या अध्यायातच आहे. कोकराही फक्त देवाने निवडलेल्या ठिकाणीच कापायचा. ते ठिकाण, यरुशलेमचं मंदिर, 70 साली पडलं. मेसेज लिहिणाऱ्याने या ओळी सोयीने गाळल्या आहेत.

चर्चच्या हॉलमध्ये सेदरचं, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीचं भोजन 'करून दाखवावं', ही मेसेजमधली शेवटची सूचना मला सर्वांत जास्त खटकली. ज्यांचा तो सण आहे ते बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, इथे आपल्या शेजारी राहतात. त्यांचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) ठाण्यात 1879 पासून आहे. सेदरला वाचायची हग्गादा, म्हणजे मिसरातून सुटकेच्या कहाणीचं पुस्तक, 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली होती. म्हणजे ही कहाणी त्यांच्या घरांत आपल्याच भाषेत सांगितली जाते. माझ्या लहानपणी शेजारच्या मावशी सणाआधी घरातला खमिराचा कणन्‌कण काढत, खजुराचं गोड करत. आई त्या आठवड्यात त्यांच्याकडे केक-पाव पाठवायची नाही. आम्हाला तो सण आमच्या घरी मांडावासा कधी वाटला नाही. रविवारी प्रभुभोजनाला बसलो की मावशींच्या घरातली ती बेखमीर भाकरी मला आठवायची, आणि पाळक काय वाचतायत ते जास्त कळायचं.