फादरचं पत्र आलं आणि आम्ही भलतंच वाचलं

आमच्या वसईच्या पॅरिशचे फादर दर महिन्याला लोकांना पत्र लिहितात. दोन पानी असतं, रविवारी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) संपली की दारात वाटतात आणि दुपारपर्यंत कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतं. ग्रुपमधले निम्मे गावात आणि निम्मे बाहेर, दुबई, टोरंटो, लंडन, आणि मी इकडे जर्मनीत कोलोनला, चौदा वर्षं झाली. सोमवारी सकाळी ट्राममध्ये मी ते वाचते, अगदी खालच्या केटररच्या जाहिरातीसकट.

यावेळच्या पत्रात नेहमीचं सगळं होतं. पाच बाप्तिस्मे, नऊ अंत्यविधी, छपरावर परत ताडपत्री टाकलीय, चर्चमागच्या बावखलाचा (तळ्याचा) गाळ पावसाआधी काढायचाय त्याला माणसं पाहिजेत. आणि मध्येच एक परिच्छेद, की रविवारची साडेआठची मिस्सा जूनपासून इंग्रजीत करायचा विचार आहे, कारण कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) मुलांना मराठी वाचन जमत नाही आणि नवीन टॉवर्समध्ये मंगळूर, गोवा, केरळकडची बरीच कुटुंबं राहायला आलीत. साडेसहाची आणि दहाची मराठीतच राहणार.

झालं, ग्रुप तीन दिवस पेटलेला. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त आवाज आमचा, बाहेरच्यांचा. टोरंटोच्या एकाने फादर स्टीफन्स काढले, १६१६ साली एका इंग्रज पाद्रीचं मराठीतलं ख्रिस्तपुराण छापलं गेलं आणि आपण चारशे वर्षांनी मराठी सोडतोय वगैरे. हा अख्खा मेसेज रोमन लिपीत. (तसं बघायला गेलं तर ख्रिस्तपुराणही रोमन लिपीतच छापलं होतं, तेव्हा देवनागरीचे टाईप नव्हते, याच्या मोबाईलमध्ये आहेत.) दुबईवाल्याने मराठी लेखक फादर दिब्रिटोंचा फोटो टाकला, खाली हात जोडलेले तीन इमोजी.

मला हे कळत नाही असं नाही. २०२० साली दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मी इथे ऑफिसमध्ये चॉकलेटं वाटली होती, आणि का वाटतेय ते समजावताना माझा अर्धा तास गेला होता, कारण मराठी बोलणारी कॅथलिक ही गोष्टच इथल्या लोकांच्या डोक्यात बसत नाही. माझा आजा लॅटिन मिस्सेला जायचा, काही कळायचं नाही, माळ जपत बसायचा. १९६२ ते ६५ ची व्हॅटिकन परिषद झाली, लोकांच्या भाषेत मिस्सा सुरू झाली आणि मग देव आपल्या भाषेत बोलायला लागला असं तो म्हणायचा. त्यामुळे मीसुद्धा इंग्रजीच्या विरोधात लांबलचक मेसेज टाईप केलाच होता, पाठवणार इतक्यात मागे मुलगी जर्मनमध्ये काहीतरी ओरडली. अकरा वर्षांची आहे, मराठीतली प्रभूची प्रार्थना तिला अर्धी येते, उरलेली जर्मनमध्ये पुटपुटते. मेसेज खोडला.

कारण खरं सांगायचं तर मराठी मिस्सा फादरनी नाही मारली. पोरांना इंग्लिश मीडियमला आपण घातलं, घरात 'ईट युवर व्हेजिटेबल्स' आपण म्हणालो, आणि आता वेदीवरून फादरनी ते भरून काढावं अशी आपली अपेक्षा. इथेही तेच बघते. कोलोनमध्ये पोलिश, क्रोएशियन, पोर्तुगीज, इटालियन लोकांच्या त्यांच्या भाषेत मिस्सा होतात, क्रोएशियन मिस्सेला तर उभं राहायला जागा नसते, पण बाहेर पायऱ्यांवर आलं की पोरं आपापसात जर्मनच बोलतात. तरी मला वाटतं साडेआठचीही मराठीत ठेवावी, टॉवरवाल्यांसाठी संध्याकाळी वेगळी करावी, पण हे मी मत म्हणून सांगतेय, भांडण म्हणून नाही. साडेआठला उठून जाणारी मी नाहीच्चे.

आणि भांडणाचंच म्हणाल तर इथे कुणी फादरशी भांडत नाही. इथे आल्यावर पत्ता नोंदवायच्या फॉर्मवर धर्म विचारतात, मी भाबडेपणाने रोमन कॅथलिक लिहिलं आणि पहिल्याच पगारात चर्चचा टॅक्स कापून आला. इन्कम टॅक्सच्या ९ टक्के, बव्हेरियासारख्या एकदोन राज्यांत ८. सरकारच कापतं आणि चर्चला देतं, फादरला छपरासाठी तोंड वेंगाडावं लागत नाही. पटत नसेल तर आमच्या राज्यात कोर्टात जायचं, ३० युरो भरायचे, सही करायची, संपलं. २०२२ साली देशभरात ५ लाख २२ हजारांवर कॅथलिक असे बाहेर पडले, २०२३ साली ४ लाखांवर. कोलोनमध्ये तर २०२१ साली अपॉइंटमेंट मिळेनात, धर्मगुरूंनी केलेल्या लैंगिक अत्याचारांवरचा पहिला अहवाल आर्चबिशपांनी बाहेर काढला नाही म्हणून लोक चिडले होते, आणि बरोबर चिडले होते. माझ्या शेजारच्या बाईंनी तेव्हाच सोडलं, साठ वर्षं त्या चर्चमध्ये गायल्या होत्या, आणि फादरना एक फोनसुद्धा केला नाही. आता आमच्याकडे चार जुन्या पॅरिश मिळून एक झालीय, मिस्सेला बहुतेक वेळा केरळचे एक फादर येतात, मल्याळी हेलात सुंदर जर्मन बोलतात, समोर तीसेक म्हाताऱ्या. यांचंही पॅरिशपत्र निघतं, गुळगुळीत कागदावर, रंगीत. त्याच्यावर वाद घालताना अजून कुणी दिसला नाही. हिशोब मात्र डायोसिसचा (धर्मप्रांताचा) दरवर्षी छापून येतो, तेवढं आपल्याकडे शिकायला हरकत नाही. छपराच्या पैशांचं काय झालं हे विचारलं की आपल्याकडे लगेच 'तुझी श्रद्धा कमी पडतेय' होतं.

पण मी सांगत होते पत्राबद्दल. दुसऱ्या पानावर खाली, केटररच्या वर, फादरनी चार ओळी लिहिल्या होत्या. पहिल्या शुक्रवारी ते घरोघरी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) द्यायला जातात, यादी चाळीसच्या वर गेलीय, अर्ध्याहून जास्त घरांत म्हातारी माणसं एकटी आहेत, मुलं परदेशात. प्रत्येक घरी दहा मिनिटंही बसता येत नाही. आठवड्यातून एकदा कुणी जाऊन बसेल का, औषधं आणून देईल का, असं विचारलं होतं. तीन दिवसांत यावर ग्रुपमध्ये एकही मेसेज नाही. बावखलावरही नाही, २०१८ च्या जुलैमध्ये वसई पाण्यात गेली तेव्हा बावखलं कशी बुजवली यावर हेच लोक रात्र रात्र बोलत होते.

त्या यादीत आमची आय आहे. हे मला माहीत नव्हतं, पत्र वाचून संशय आला म्हणून फोन केला. म्हणाली हो, पाच महिने झाले, गुडघा धरतो, रिक्षातून उतरता येत नाही, तुला कशाला सांगायचं. फादर येतात, चहा घेत नाहीत, घाईत असतात.

मी विचारलं, साडेआठची मिस्सा इंग्रजीत करतायत, तुला काय वाटतं.

म्हणाली, करू देत. मी मोबाईलवर साडेसहाची बघते, पण मध्येच आवाज जातो, तू आलीस की तेवढं नीट करून दे.