मातीचं घर फुकटात होत नाही, आणि भूकंपात आपोआप वाचवतही नाही

“सिमेंट सोडा, अंगणातली माती उकरा, स्वतःच्या हातांनी घर बांधा. खर्च शून्य, शंभर वर्षं बघायला नको, उन्हाळ्यात एसी नको आणि भूकंपात भिंत हलणारसुद्धा नाही. आपले पूर्वज अडाणी नव्हते!” अशा आशयाचे मेसेज आणि व्हिडिओ सध्या खूप फिरतायत. पूर्वज अडाणी नव्हतेच. मातीकामावर माझं मनापासून प्रेम आहे आणि म्हणूनच या दाव्यांना उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

सगळ्यात घातक दावा भूकंपाचा आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो. 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर-धाराशिवचा पट्टा हादरला आणि किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली. ती बहुतेक आपल्याच घराखाली गाडली गेली. घरं कसली होती? दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर मातीचं माळवद. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर सांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच, त्यामुळे हादऱ्यासरशी थर सुटले आणि भिंती ढासळल्या. वरच्या माळवदाचं वजन काढून बघा. मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर भरतं. तीन बाय चार मीटरच्या खोलीवर अर्धा मीटर मातीचा थर असेल, तर झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर नऊ-दहा टन होतात. हा थर एका दिवसात चढलेला नसतो. पावसाळ्याआधी गळती थांबवायला माती टाकायची, पुढच्या वर्षी पुन्हा टाकायची. घर जपता जपताच छत जड होत गेलं.

मग मातीची सगळीच घरं भूकंपात पडतात का? नाही. 2001 च्या भूकंपात कच्छमधले कित्येक ‘भुंगे’, म्हणजे तिथली मातीची गोल घरं, उभे राहिले. गोल आकार, बुटकी भिंत आणि हलकं गवती छप्पर ही त्याची कारणं. कुडाचं, म्हणजे काठ्या-कामट्यांवर माती लिंपलेलं घर हलकं आणि लवचिक असतं, तेही बरंच सोसतं. माती तीच असते, फरक घडणीत असतो. हलकं छप्पर, कोपऱ्यांपासून दूर ठेवलेल्या लहान खिडक्या आणि दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना फिरवून बांधलेला लाकडी किंवा काँक्रीटचा पट्टा, एवढं तरी हवंच. व्हिडिओत यातलं काहीही दाखवत नाहीत.

आता “अंगणातली माती”. तुमचं अंगण काळ्या मातीचं असेल तर विषय तिथेच संपतो. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते आणि भिंतीला बोट जाईल अशा भेगा पडतात. बाकी मातीची परीक्षा घरच्या घरी होते. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घाला, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून जोरात हलवा आणि दिवसभर ठेवून द्या. रेती मिनिटभरात तळाला बसते, तिच्यावर गाळ, आणि सगळ्यात वर लोण्यासारखी चिकणमाती. चिकण पाचवा ते चौथा हिस्सा असेल तर काम होतं. जास्त असेल तर रेती आणि भाताचं तूस मिसळावं लागतं. मग भिजवणं, तुडवणं, मुरवणं. पैशात खर्च कमी येईलही, पण माणसांचे हात मोजा. शिवाय छपराचं लाकूड, कौलं आणि सुतार फुकट येत नाहीत.

“शंभर वर्षं बघायला नको” हे तर आजीसुद्धा मान्य करणार नाही. दर सणाला सारवण, दिवाळीआधी भिंतींचे पोपडे लिंपणं, कोकणात पावसाआधी झडीच्या बाजूला झापं बांधणं, वाळवीवर डोळा ठेवणं, हे सगळं कोण करत होतं? घरातल्या बायकाच करत होत्या. त्यांची मेहनत मोजलीच नाही, म्हणून देखभाल शून्य दिसते. जुनी घरं टिकली ती दगडी जोत्यामुळे, लांब वळचणीमुळे आणि या हातांमुळे.

देखभाल टाळायला वरून सिमेंटचा गिलावा मारा, असाही सल्ला त्याच मेसेजमध्ये असतो. तो ऐकू नका. सिमेंट कडक असतं आणि ओल आत कोंडून ठेवतं. दोन-चार पावसाळ्यांत गिलाव्याचा तुकडा मातीसकट सुटून येतो आणि मागची भिंत मऊ झालेली असते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो.

गारव्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे. जाड भिंत दुपारचं ऊन रात्रीपर्यंत अडवून धरते. दिवस तापतो आणि रात्र गार होते अशा मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात हे उत्तम जमतं. दमट कोकणात मात्र भिंतीच्या जाडीपेक्षा वारा खेळण्याला जास्त महत्त्व आहे.

हौस असेल तर जरूर करा, पण राहतं घर पहिल्याच झटक्यात नको. परसात कंबरभर उंचीची, चार-पाच फूट लांबीची भिंत घाला, वर कौलांचं झाकण ठेवा आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. दसऱ्याला तिच्या पायाशी किती माती वाहून आलीय ते बघा आणि मग गवंड्याशी बोला.