खांब, खार आणि मी

थंडीत किडे गायब होतात, दिवस आखडतो, रात्र लांबते आणि इवल्याशा पक्ष्यांचे हाल होतात, असं कुठंतरी वाचलं आणि मला गहिवरून आलं. माझा गहिवर नेहमीच खर्चात पडतो. यावेळी त्यातून एक लाकडी दाणापात्र निघालं. वर उतरतं छप्पर, दोन्ही अंगांना काच, खाली बसायला दांडी. ते झाडाच्या फांदीला टांगलं, खुर्ची खिडकीला लावली, गळ्यात दुर्बीण अडकवली आणि पाहुण्यांची वाट बघत बसलो.

पहिल्या दिवशी कोणी आलं नाही, दुसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, पण त्यांना कळवलंय का?"

पक्षी नव्या वस्तूला बिचकतात. पात्र दिसून त्याची सवय व्हायला कधी कधी काही आठवडेही जातात. हे मला उशिरा कळलं. तोवर मी "इथून दिसत नसेल" म्हणत रोज त्याची जागा बदलत होतो. म्हणजे बिचाऱ्यांना रोज नव्यानं बिचकावं लागत होतं.

शेवटी पहिलं गिऱ्हाईक आलं. त्याला शेपूट होती आणि पंख नव्हते. खारीचे मागचे पंजे घोट्यातून पार उलटे फिरतात. त्यामुळे ती फांदीला मागच्या पायांनी लोंबकळून, डोकं खाली ठेवून, दोन्ही हातांनी निवांत जेवू शकते. हे मला दुर्बिणीतून फारच स्पष्ट दिसलं. मी काचेवर टकटक केलं. तिनं चावणं थांबवलं, माझ्याकडे उलटं पाहिलं आणि पुन्हा सुरू केलं.

दरम्यान दुसरा घोळ झाला होता. मी स्वस्तातला मिश्र दाणा आणला होता, आणि त्यात निम्मी भर ज्वारीची होती. चुकूनमाकून आलेले छोटे पक्षी चोचीनं ज्वारी भराभर बाहेर उडवत आणि हवं तेवढंच वेचून घेत. उडवलेली ज्वारी खाली, ज्वारीवर कबुतरं, कबुतरांवर टपलेलं शेजारचं मांजर. आठवडाभरात माझ्या परसात सगळी सृष्टी गोळा झाली, फक्त ज्यांना बोलावलं ते सोडून. मग सूर्यफुलाच्या काळ्या बिया आणल्या. त्यांचं साल पातळ, तेल भरपूर, छोट्या चोचीलाही फोडता येतात. खारीलाही त्या फार आवडल्या.

इथं विज्ञान मदतीला आलं. मिरचीची आग सस्तन प्राण्यांना लागते, पक्ष्यांना लागत नाही. मी बियांना मूठभर तिखट चोळलं. त्याच वेळी वारा सुटला. मिरचीची आग आपल्या नसांना नेमकी कुठून कळते, हे शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. मी अर्धा तास नळाखाली डोळे धरून त्यांचा शोध तपासून पाहिला. बरोबर आहे. सुटी पूड पक्ष्यांच्याही डोळ्यांत जाऊ शकते हे लक्षात आल्यावर तो नाद सोडला. खारीनं त्या दिवशी फक्त शिंका दिल्या आणि दुसऱ्या दिवशी भूक वाढल्यासारखी आली.

मग खांब आला. पात्र फांदीवरून खांबावर गेलं. खारीला वर चढता येऊ नये म्हणून खांबाला पत्र्याची उलटी टोपी, म्हणजे खाली रुंद तोंडाचं नरसाळं, जमिनीपासून दीड मीटरवर. खार बाजूनं उडी मारते म्हणून खांब झाडापासून तीन मीटर लांब हवा. पक्ष्यांना ससाणा आला तर लपायला झुडूप जवळ हवं, पण मांजराला दबा धरता येईल इतकं जवळ नको. खिडकीच्या काचेवर आपटून पक्षी मरतात, म्हणून काचेपासून एकतर मीटरभराच्या आत, नाहीतर चांगलं दहा मीटर दूर. मी टेप घेऊन रविवारभर रांगलो. या सगळ्या अटी पुऱ्या करणारी जागा परसात एकच निघाली, आणि तिथं कपडे वाळत घालायची दोरी होती. त्या विषयावर घरात जे बोलणं झालं ते इथं देत नाही. कपडे आता आतल्या खोलीत वाळतात.

आणि मग, खरंच, पक्षी आले. भल्या पहाटे आणि संध्याकाळी तर झुंबड. तसं ते साहजिकच आहे. थंडीच्या एका रात्रीत ऊब टिकवताना छोटा पक्षी आपल्या वजनाचा दहावा हिस्सासुद्धा जाळून बसतो. (मला तेवढं उतरवायला डॉक्टरांनी वर्ष दिलं होतं. दोन झाली.) शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "आयतं देऊ नका, आळशी होतील." तसं काही नसतं. त्यांचं बरंचसं पोट रानातच भरतं. आपण म्हणजे मधल्या वेळचं खाणं.

एवढ्याशा खाण्यामागचे कष्ट मात्र बघा. ओला दाणा बुरसतो, घाणेरड्या पात्रातून रोग पसरतो, म्हणून दर दोन आठवड्यांनी पात्र घासायचं, ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवायचं, खळखळून धुवायचं, खडखडीत वाळवायचं. घरातलं एकही भांडं मी आजवर इतक्या भक्तीनं घासलेलं नाही, ही नोंद बायकोनं घेतली आहे. आता रात्रीची भांडीही माझ्याकडे आहेत.

काल पहाटे मुलीनं हलवून उठवलं. "बाबा, ऊठ, तुला बोलावतायत." खिडकीतून पाहिलं. पात्र रिकामं आणि दांडीवर अंग फुलवून बसलेला, मुठीत मावेल एवढा एक जीव माझ्याकडे बघून कलकलाट करत होता. स्वेटर चढवला, कानटोपी घातली, कुडकुडत मागच्या ओट्यावर गेलो. बियांचा मोठा प्लॅस्टिकचा डबा तिथंच असतो. झाकण घट्ट होतं. फक्त डब्याच्या कडेला रात्रीतून एक नीटस गोल भोक पडलं होतं आणि त्या भोकातून एक झुपकेदार शेपूट बाहेर आलेली होती.