थंड भाडं, गरम भाडं

आमच्या दारव्ह्याकडं भाड्याच्या घरासाठी एकच परीक्षा असते. मालक ओसरीवरून विचारतो, "कोणाचा रे बावा तू?" दोन-चार गावं, तीन-चार आडनावं धुंडाळली की कुठंतरी मामाच्या साडूचा धागा लागतो, चहा येते, चावी मिळते.

२०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून गावाकडची पोरंही जर्मन भाषेतलं 'डेर, डी, डास' (नामांची तीन लिंगं) घोकायला लागली. व्याकरण येईल हो, पण तिथं घर शोधणं हे वेगळंच व्याकरण आहे, आणि त्यात अपवादच जास्त.

तिथला मालक 'कोणाचा' विचारत नाही, 'शूफा' मागतो. शूफा म्हणजे तुमच्या उधारीची जन्मपत्रिका. नव्या माणसाची ती कोरी. आपल्याला वाटतं, वा, एक रुपयाची उधारी नाही! मालकाला वाटतं, याचा काही भरवसाच नाही. म्हणून नोकरीचा करार, पगाराच्या तीन चिठ्ठ्या (नवीन असाल तर कंपनीचं पत्र) आणि पासपोर्टची प्रत एका फाइलीत तयार ठेवा.

भाडं दोन प्रकारचं. थंड भाडं फक्त भिंतींचं. गरम भाड्यात घर तापवणं, पाणी, कचरा येतं. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्यातही नसतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात कोणतं छापतात, ते सांगायची गरज नाही. अनामत जास्तीत जास्त तीन थंड भाड्यांइतकी, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्यानंच दिलाय. "मी सध्या परदेशात आहे, पैसे टाका, चावी कुरिअरनं पाठवतो" म्हणणारा मालक भेटला तर फोन ठेवा. घर पाहिल्याशिवाय एक युरो सोडायचा नाही.

आता स्वयंपाकघर. 'दोन खोल्या' म्हणजे एक झोपायची, एक बसायची. स्वयंपाकघर मोजणीत धरत नाहीत. पुष्कळदा ते असतंही नावापुरतंच. आधीचा भाडेकरू ओटा, कपाटं, सिंक, अगदी बल्बसुद्धा काढून नेतो. उरतात भिंतीतून डोकावणारी नळाची तोंडं आणि छतातून लोंबणारी वायर. आमच्याकडं साल संपल्यावर भांडून गेलेला सालदारही चूल उपटून नेत नाही! जाहिरातीत 'आइनबाउक्यूशे' हा शब्द दिसला तर ओटा भिंतीला लागलेला आहे असं समजा, आणि दोन पैसे जास्त द्या.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. त्याला मालकाच्या सहीचा कागद लागतो, त्याचं नाव 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. म्हणता नाही आलं तरी चालेल, मिळाला पाहिजे. हा कागद देत नाही म्हणणाऱ्याचं घर फुकट मिळालं तरी घेऊ नका. आणि पत्रपेटीवर आडनाव लावा. तिथला पोस्टमन फ्लॅट नंबर नाही, नाव शोधतो. नाव नसलं की बँकेचं कार्ड आल्या पावली परत.

फोडणी टाकण्याआधी खिडकी सताड उघडा, नाहीतर धुराचा अलार्म अख्ख्या इमारतीला तुमच्या तर्रीची दवंडी देईल. थंडीत खिडक्या बंद करून घरात कपडे वाळवले तर कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आणि तिचा खर्च अनामतीतून कापायला मालक टपलेला असतो.

फिरण्यासाठी 'डॉइचलांड-टिकेट'. मे २०२३ मध्ये ४९ युरोला निघालेलं हे महिन्याचं तिकीट २०२६ पासून ६३ युरो झालं. शहरातल्या बस, मेट्रो आणि देशभरातल्या लोकलसारख्या गाड्या त्यात. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या नाहीत. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. स्टेशनात फाटक नाही, गाडीत कंडक्टर दिसत नाही, म्हणून खुश होऊ नका. साध्या कपड्यातला तपासनीस शेजारीच पेपर वाचत असतो, दंड ६० युरो. सुट्टं कागदी तिकीट घेतलं असेल तर बऱ्याच ठिकाणी ते यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो. बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे विनातिकीटच.

एसटीला हात दाखवला की ती थांबते. तिथली बस फक्त थांब्यावर, तीही आतून लाल बटण दाबल्यावर. खेड्यात रविवारी बहुतेक गाड्याच नसतात. काही भागात 'रूफबस' असते, पण ती आधी फोन करून बोलवायची, नवरदेवासारखी.

आणि काही गाड्या अध्येमध्ये दुभंगतात. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्याच. चढण्याआधी आपल्या डब्यावरची पाटी वाचा. समजली नाही तर दाराशी उभ्या माणसाला सरळ विचारा. तो तुमचं आडनाव विचारणार नाही, पण डबा बरोबर सांगेल.