घाटात गाडी तापली म्हणजे हेडच गेलं का?

संत्या एवढंच म्हणाला की काल पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. झालं, पक्यानं चहाचा ग्लास खाली ठेवायच्या आधीच निकाल दिला, "हेड गॅस्केट उडालंय, हेड खोलायचं, फेसिंग मारायचं, पंधरा हजाराला चाट." (हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, गॅस्केट त्याखालचं सील, आणि फेसिंग म्हणजे हेड घासून सपाट करणं.) नाना म्हणाले काय नाय, थर्मोस्टॅटचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, काढून फेकून दे, आमच्या वेळी टेम्पोला कुणी वॉल ठेवतच नव्हतं. ज्या गॅरेजात संत्यानं सकाळी दाखवलं तिथला मिस्त्री रेडिएटर, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणारी जाळी, बदलायला सांगत होता. तिघांची तीन मतं आणि बॉनेट अजून कुणी उघडलेलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच होतं की आधी गाडी कुठं तापते ते विचारा. संत्याला विचारलं, हायवेला ऐंशीनं चालताना काटा कुठं असतो? म्हणाला निम्म्याच्या खाली, एकदम निवांत. आणि साताऱ्यात पोवई नाक्याला ट्राफिकमध्ये? थोडा विचार करून म्हणाला, तिथं पण चढतो की रं, पण मला वाटलं ऊन लय आहे म्हणून. मग मी विचारलं, थांबल्यावर एसी गार लागतो का? तर म्हणे नाही, गाडी चालायला लागली की गार, सिग्नलला थांबलं की गरम वारं.

इथंच अर्धं काम झालं होतं खरं तर. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो, रेडिएटरचं काम वाऱ्यावर भागतं, उभ्या गाडीला फक्त फॅनचा आधार. छोट्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीचा गॅस गार करणारी जाळी, रेडिएटरच्या पुढं असतो आणि दोघांना मिळून तोच फॅन, म्हणजे थांबल्यावर एसीपण गरम आणि इंजिनपण गरम म्हटल्यावर पहिला संशय फॅनवरच. पक्या ऐकायला तयार नाही, "अरे पण घाटात गाडी चालूच होती की, उभी कुठं होती?" चालू होती पण कशी, ट्रकच्या मागं पहिल्या गिअरला रांगत, इंजिनवर पूर्ण लोड आणि समोरून वारा जवळजवळ शून्य. उलटं असतं, म्हणजे सिग्नलला गार आणि हायवेला पळवली की गरम, तर मी पण रेडिएटर चोक झालाय म्हणालो असतो, नाहीतर वॉल अर्धवट अडकलाय, नाहीतर वॉटर पंप.

नानांच्या वॉलवर मात्र जोरात जुंपली. तो वॉल साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, तोवर पाणी इंजिनमध्येच फिरत राहतं म्हणजे इंजिन लवकर तापावर येतं. काढून टाकला तर आजच्या इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरला वाटत राहतं की इंजिन थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, अ‍ॅव्हरेज पडतं. आणि काही इंजिनांमध्ये वॉल काढला की बायपासचा रस्ता कायम उघडा राहतो, थोडं पाणी रेडिएटरकडं न जाताच परत फिरतं, म्हणजे तापणं कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं. नाना म्हणाले, "माझा टेम्पो नाय तापला कधी." यावर काय बोलणार.

गॅस्केटचं पण पक्याला विचारलं, तुला दिसलं काय? पाणी रोज कमी होतंय आणि खाली थेंब नाही असं आहे का, ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस आहे का, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय का? यातलं एकही नव्हतं. हेड खोलायचा सल्ला फुकट असतो, बिल नाही. पण पक्याचं एक बरोबर होतं, काटा लाल झाल्यावर संत्या तशीच रेटत राहिला असता तर गॅस्केट खरंच उडालं असतं, हेड पण बेंड झालं असतं. संत्यानं बाजूला घेऊन गाडी बंद केली आणि गरम रेडिएटरची कॅप उघडली नाही हे नशीब. आत प्रेशर असतं, कॅप साधारण ०.९ बारची, त्यामुळं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि कॅप फिरवली की एका क्षणात सगळं उकळून तोंडावर.

गाडी तिथंच उभी होती, इंजिन गार. बॉनेट उघडून स्टार्ट केली, एसी लावला, फॅन ढिम्म. (हात लांब ठेवा हां, काही गाड्यांचा फॅन चावी काढल्यावरपण आपोआप फिरतो.) फ्यूज चांगला. मोटरचा कनेक्टर काढून वायरींनी थेट बॅटरी दिली तर फॅन घर्र करून फिरला, म्हणजे मोटर जिवंत. मग संशय रिलेवर, म्हणजे फॅनला करंट सोडणाऱ्या स्विचवर. फ्यूज बॉक्समधला हॉर्नचा रिले, नंबर आणि पिना जुळत होत्या म्हणून तो फॅनच्या जागी बसवला, एसी लावला, फॅन सुरू. नवा रिले तीनशेच्या आत आला. पक्या म्हणाला, "योगायोग." घ्या.

बॉनेट उघडलंच होतं म्हणून कूलंटच्या टाकीत बघितलं तर पाणी गंजाच्या रंगाचं. संत्या वर्षभर बोअरचंच पाणी टाकतोय. इथं नाना परत पेटले, पाण्यानं काय होतं, कूलंट म्हणजे कंपनीवाल्यांचे धंदे. आता नानांचं अर्धं खरं आहे, उष्णता ओढून न्यायला नुसतं पाणी कूलंटपेक्षा चांगलंच. पण बोअरच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि नुसतं पाणी धातूला गंजवतं, कूलंट घालायचं ते मुख्य त्यासाठी आणि थोडं उकळबिंदू वाढवायला. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मंनिम्मं, बास. येत्या रविवारी सगळं काढून फ्लश करायचं ठरलंय, भरताना हीटर फुल गरमवर ठेवून हवा काढायची. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसलेला धुरळा पण हळू पाण्यानं धुवायचाय, प्रेशर गन लावली की जाळीच्या पातळ पत्र्या, म्हणजे फिन्स, वाकतात. डिस्टिल्डचा कॅन आणायचं काम नानांवर टाकलंय, आणि ते येताना घरच्या बोअरचं पाणी भरून आणतील अशी आम्हाला सगळ्यांना दाट शंका आहे.