फंक्शन तितकी पॅकेजं? नको!

‘मोठा प्रोजेक्ट ठेवू नका. प्रत्येक फंक्शनचं वेगळं पॅकेज करा. बग कमी होतील, कोड कुठेही वापरता येईल, टीम स्वतंत्र होतील, बिल्ड झटपट होईल.’ हा मेसेज तीनदा आला, तीनदा सोडून दिला. (फंक्शन म्हणजे एक काम करणारा कोडचा छोटा तुकडा; पॅकेज म्हणजे स्वतःची आवृत्ती असलेला कोडचा वेगळा संच; बिल्ड म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधणं.) चौथ्यांदा भाचीने पाठवला: ‘मामा, मी आमच्या प्रोजेक्टचे 22 तुकडे केलेत. बरोबर ना?’ आता गप्प कसं बसू?

बग कमी होतील म्हणे! तुकड्याच्या आतले कमी होतीलही; दोन तुकड्यांमधल्या फटीचं काय? भाचीने तारखेचा फॉरमॅट बदलला. पूर्वी हे एका कमिटचं (एकदाच नोंदवलेल्या बदलाचं) काम होतं. आता तारखेच्या पॅकेजची नवी आवृत्ती काढायची, त्यावर विसंबलेल्या 6 पॅकेजांत आकडा बदलायचा, मग त्या सहांच्याही आवृत्त्या काढायच्या. त्यातलं एक राहून गेलं आणि अ‍ॅपमध्ये जुनी-नवी आवृत्ती शेजारी नांदू लागली. प्रत्येक पॅकेजच्या टेस्ट मात्र हिरव्यागार, म्हणजे पास!

मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारातून) काढून घेतलं. मजकूर ठरावीक लांबीचा होईपर्यंत त्याच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा दिलेलं अक्षर जोडायचं, एवढंच त्याचं काम. कोड 11 ओळींचा. नवा जावास्क्रिप्ट कोड जुन्या ब्राउझरना समजेल असा करणारा, बॅबलसारखा बहुवापराचा प्रोजेक्ट त्यावर विसंबून होता, त्यामुळे असंख्य लोकांचे बिल्ड पडले आणि एनपीएमला ते पॅकेज परत आणावं लागलं. या 11 ओळी स्वतः लिहायला किती वेळ लागला असता?

कोड कुठेही वापरता येईल? दुसरा वापरणारा आहे कुठे? भाचीच्या 22 पैकी बहुतेकांना एकच गिऱ्हाईक आहे: तिचाच अ‍ॅप.

टीम स्वतंत्र होतात, हे अर्धं खरं. पण रेघ योग्य जागी पडली तरच. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 सालीच एका प्रोग्रामची दोन प्रकारे विभागणी करून दाखवली होती: एक कामाच्या पायऱ्यांनुसार, दुसरी पुढे बदलू शकणारा निर्णय एकेका मॉड्यूलमध्ये (प्रोग्रामच्या भागात) झाकून. बदल करायची वेळ आली की दुसरीत कमी ठिकाणी हात घालावा लागतो. फंक्शन किती लहान, हा त्यांचा निकष नव्हताच.

बिल्डचं म्हणाल तर, हो, न बदललेले तुकडे पुन्हा बांधावे लागत नाहीत. मान्य.

भाचीला म्हटलं, तुकडे करण्याआधीचा गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास उघड. ज्या फाइल्स दर वेळी एकाच कमिटमध्ये बदलल्यात, त्या आधी एका पॅकेजात परत आण. उरलेल्यांचं नंतर बघू.