साडेचार तासांचं लंडन

काल खालच्या मजल्यावरच्या काकांनी सगळ्या जिन्यासमोर मला अडाणी ठरवलं, तेही आमच्याच घरचा नारळ हातात धरून.

काकांचं तिकीट जानेवारीचं. मुंबईहून दुपारी १ वाजता निघून लंडनला संध्याकाळी ५.३०. परतताना रात्री ९ ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३०.

"जाताना साडेचार तास, येताना साडेचौदा! आणि भाडं तेवढंच?"

"काका, वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या आहेत. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे. जाताना साडेपाच मिळवा, येताना वजा करा. दहा तास आणि नऊ तास."

"म्हणजे येतानाच लवकर? मग छापलंय उलटं ते?"

छापणाऱ्यांवर माझाही राग आहेच. वेळेखाली 'स्थानिक' एवढा एक शब्द ठळक टाकायला यांची शाई संपते. त्यात मार्चच्या शेवटच्या रविवारी इंग्रज घड्याळ तासभर पुढे ढकलतात, की साडेपाचाचे साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे.

मग काकांनी नातवाचा नकाशा आणि फुटपट्टी आणली. सरळ रेघ मारली, ती मध्यावर सीरियाच्या आसपास गेली. म्हणून मी नारळ आणला, पेनाने दोन टिंबं काढली आणि दोरा ताणून दाखवला. गोल वस्तूवर जवळची वाट अशी वर झुकते. पृथ्वीवर ती कराचीजवळून, मध्यावर जॉर्जिया-अझरबैजानच्या बाजूने जाते आणि भरते सुमारे ७,२०० किलोमीटर. प्रत्यक्षात तीही मिळत नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना वाट बंद केली. वळसा घ्या, इंधन जाळा.

"ताशी नऊशेने आठच तास होतात," काका.

भागाकार बरोबर होता, तेच जास्त झोंबलं. पण नऊशे हा हवेतला वेग. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा झोत असतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. सरासरी शंभराचा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग आठशे, म्हणजे नऊ तास. तोच पाठीशी आला तर हजार, सव्वासात तासांत काम. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे रांग. लंडनच्या हिथ्रो विमानतळावर उतरण्याआधी बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ओकम, बिगिन या चारपैकी कुठल्या तरी गावावर घिरट्या.

"त्यापेक्षा विमान नुसतं वर तरंगत ठेवायचं. पृथ्वी फिरतेच आहे, लंडन आपोआप खाली येईल."

"हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, काका. आणि पृथ्वी फिरते पूर्वेकडे. तुमच्या हिशोबाने पश्चिमेची गावं खाली आली, तरी लंडन यायला अक्षांश बदलावा लागेल. मुंबई १९ वर, लंडन साडेएक्कावन्नवर."

"तुम्ही फार गुंतागुंत करता हो," असं म्हणून त्यांनी नारळ काखेत मारला. चार पायऱ्या उतरून थांबले.

"सुनेला कळवलंय. जाताना दोन केळी पुरतील. येताना साडेचौदा तास, थालीपीठं दोन वेळची बांधून दे."